दयेच्या रविवारची तयारी

११ फेब्रुवारी १९५९, राखेचा बुधवार

उपवासकाळात प्रत्येकानं काहीतरी सोडावं, असं फादर लिंडर यांनी आज सांगितलं. सोडण्याजोगं माझ्यापाशी फारसं नाही. विडी पूर्वीच सुटली. गोडधोड सुभद्राच्या दुखण्यापासून घरात होतच नाही. म्हणून सोडण्याऐवजी धरायचं ठरवलं आहे. जमेल त्या दिवशी चार ओळी लिहायच्या आणि खऱ्या लिहायच्या. मिशनचा कॅटेकिस्ट म्हणून लोकांना धर्मशिक्षण देण्यात माझं आयुष्य गेलं. सगळे मला मास्तर म्हणतात. मास्तरानंही कधीमधी स्वतःची परीक्षा घ्यावी.

सुभद्रा कपाळाला राख लावून घ्यायला चालत आली. आमच्या खोलीच्या आणि प्रार्थनाघराच्या मध्ये अंगणच काय ते आहे, तरी ती वाटेत दोनदा थांबली. मी हात पुढे केला तर म्हणाली, ‘‘लोक बघत्यात.’’ पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातून तिला डिसेंबरात घरी पाठवलं. गर्भाशयाचा कॅन्सर आहे, पोटात पसरला आहे, आता जपा, एवढंच डॉक्टर म्हणाले. आमच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरामागे पिंपरीचा औषधांचा कारखाना दिसतो. तिथलं पेनिसिलिन देशभर जातं आणि माझ्या बायकोला त्याचा काडीचा उपयोग नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. आहे ते लिहिलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

तानाबाईनं दिलेलं चित्र आज मिस्सेच्या उपासनेनंतर फादरांनी आशीर्वाद देऊन वेदीच्या डाव्या बाजूला लावलं. तानाबाई कोल्हापूरकडची विधवा. मुलगा कारखान्यात लागला म्हणून ती इकडे आली. लढाईच्या काळात वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, तिथे ती एका मडमेची मुलं सांभाळायची. मडम परत निघाली तेव्हा तिनं तानाबाईला दोन चित्रं दिली. एक मोठं, काचेच्या चौकटीतलं, आणि एक तळहाताएवढं. दोन्हींत प्रभू येशू पांढऱ्या झग्यात उभा आहे, एक हात वर केलेला, आणि छातीतून दोन किरण निघतात, एक तांबडा, एक फिका. खाली परक्या भाषेत एक ओळ आहे. ‘येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे’ असा तिचा अर्थ, असं तानाबाई सांगते. तानाबाई बोलायला लागली की घड्याळानंही थांबून घ्यावं, तेव्हा अर्थ याहून लांब असता तरी तिनं सांगितला असता.

ईस्टरनंतरचा रविवार हा दयेचा सण, असं त्या मडमेच्या देशात मानतात. ईस्टरआधीच्या उत्तम शुक्रवारपासून नऊ दिवस रोज प्रार्थना करायची. त्या रविवारी जो मागेल त्याला देवाच्या दयेचं दार सताड उघडं. यंदा आपण तो सण करायचा, असं फादरांनी जाहीर केलं. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं की, याला रोमची मान्यता आहे ना? ते म्हणाले, ‘‘लोक प्रार्थना करू इच्छितात, मास्तर. आपण त्यांना का अडवावे?’’ मला हे काही उत्तर वाटलं नाही. पण फादरांना उलट विचारणं माझ्या स्वभावात नाही.

सुभद्रा घरी जाईना. चित्रापुढं उभी राहून तानाबाईला विचारत होती, ‘‘कुणाकुणासाठी हाय ही दया?’’

‘‘समद्यांसाठी.’’

‘‘ज्याच्या कपाळाला पानी लागलं न्हाई, त्याच्यासाठी बी?’’

‘‘अवो, समद्यांसाठी म्हंजे समद्यांसाठी.’’

मी मध्ये पडून दोघींना सांगितलं की, धर्माची तत्त्वं अशी अंगणात बसून ठरत नसतात.

१८ फेब्रुवारी, बुधवार

रविवारी सुभद्रानं विचारलेलं ते अर्धंच लिहिलं. पुढं वाचणाऱ्याला, म्हणजे मलाच, कळावं म्हणून पुरं करतो.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आम्हाला मुलगा झाला. तेव्हा आम्ही संगमनेरच्या अलीकडे आमच्या गावी, मिशनच्या आवारात राहायचो. मी तिथल्या फादरांबरोबर खेड्यांच्या फेरीवर होतो, संध्याकाळी परतणार होतो. मूल दुपारी झालं, थोडा वेळ जगलं आणि गेलं. जीव जात असेल तर कुणीही पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतो, हे मी सुभद्राला लग्नाआधीच शिकवलं होतं. तांब्या उशाशी होता. तिला शब्द आठवले नाहीत, असं ती म्हणते. ‘‘तुमी येताल म्हनून वाट बघितली,’’ असंही एकदा म्हणाली होती. बाप्तिस्म्याविना गेलेल्या मुलाला दुःख नसतं, पण देवाचं दर्शनही नसतं. त्या जागेला लिंबो म्हणतात. अशी मुलं आशीर्वादित जमिनीत पुरत नाहीत, म्हणून त्याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरलं. मी पोचलो तोवर ते झालं होतं. नियम कडक आहे, पण नियम आहे. पुढे आम्हाला मूल झालं नाही.

२ मार्च, सोमवार

सुभद्रा आता खाटेवरून उठत नाही. तानाबाईनं ते तळहाताएवढं चित्र तिला देऊन टाकलं आणि खाटेसमोरच्या खिळ्याला अडकवलं. मी शिकवणी आटोपून येतो तेव्हा आतून बोलण्याचा आवाज येतो. मी आत गेलो की थांबतो. काय बोलतेस, विचारलं तर म्हणाली, ‘‘काय न्हाई, आमचं आपलं घरचं.’’ जपमाळेची प्रार्थना सोडून असलं काही बोलणं कितपत बरोबर, असा विचार आला. पण तिला त्यानं बरं वाटतं. दुखणं उठलं तरी ओरडत नाही, चित्राकडे बघत राहते.

सणाच्या तयारीत मीही गुंतलो आहे, हे कबूल केलं पाहिजे. देहूरोडच्या लष्करी डेपोतल्या ख्रिस्ती कुटुंबांना बोलावणं धाडलं. गायनाचा सराव सुरू केला. सोपानराव हा आमचा पेटीवाला. त्याची पेटी एका दिशेला जाते आणि बायका दुसऱ्या. मधल्या मध्ये मी. नवदिवसाच्या प्रार्थना तानाबाई सांगेल तशा मी नीट मराठीत बसवतो आहे. भाषा तिची ठेवली असती तर प्रभूलाही ‘काय वं’ म्हणावं लागलं असतं.

१९ मार्च, गुरुवार, संत योसेफचा सण

बऱ्याच दिवसांनी चांगला दिवस गेला. सुभद्रानं दोन घास भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. संत योसेफ सुखाच्या मरणाचा कैवारी, त्याची प्रार्थना आम्ही दोघांनी केली. मग ती म्हणाली, ‘‘एक मागू का?’’

‘‘माग.’’

‘‘त्या रविवारी तुमी समद्यांच्या नावानं प्रार्थना सांगनार न्हवं? आजाऱ्यांसाठी, मेल्यांसाठी? त्यात आपल्या पोराचं घ्या. मोठ्यानं. मला खाटंसकट दारात आना, म्हंजे मला ऐकू येईल. मग मी सुखानं जाईन.’’

मी ‘बघू’ म्हणालो. माझ्या ‘बघू’चा अर्थ ती जाणते, त्यामुळे पुढं काही बोलली नाही. पण मी खरंच बघतो आहे. ज्याला बाप्तिस्मा नाही त्याच्यासाठी सार्वजनिक प्रार्थना करता येते का? पुस्तकात स्पष्ट काही सापडत नाही. फादरांना विचारायला हवं. विचारलं आणि ते नाही म्हणाले, तर तिला काय सांगायचं? म्हणून अजून विचारलेलं नाही.

२४ मार्च, मंगळवार

मनाशी ठरवलं. ‘आमच्या घरातून लहानपणी गेलेल्यांसाठी’ असं म्हणायचं. नाव नाही, बाप्तिस्म्याचा उल्लेख नाही. शास्त्रालाही धक्का नाही आणि तिचंही मन राहील. तिला अजून सांगितलं नाही. रविवारी आपोआप कळेल. मलाही त्या रविवारची ओढ लागली आहे. या वयात असलं कौतुक बरं नव्हे.

२६ मार्च, पवित्र गुरुवार

फादर मिस्सेच्या बरेच आधी आले आणि मला वेदीमागच्या खोलीत बोलावलं. बिशपसाहेबांकडून सूचना आली आहे. रोमनं ठरवलं आहे की, हे चित्र आणि ही भक्ती ज्या स्वरूपात पसरते आहे त्या स्वरूपात लोकांपुढे मांडू नये. फादर म्हणाले, ‘‘चित्र उतरवा, मास्तर. नवदिवस होणार नाहीत. लोकांना मी सांगेन.’’ मोटरसायकलची धूळ अजून त्यांच्या तोंडावर होती. फार थकलेले दिसले.

मान्यतेचा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला होता, असं माझ्या ओठांवर आलं होतं. बोललो नाही. पण खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो: क्षणभर बरं वाटलं. आणि लगेच सुभद्राची आठवण झाली.

२७ मार्च, उत्तम शुक्रवार

पहाटेच मोठं चित्र उतरवून तानाबाईला परत दिलं. ती एरवी इतकी बोलणारी, आज चौकट पदराखाली घेऊन तशीच निघून गेली.

लहान चित्राचा विचार मी रात्रभर केला होता. फादरांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं. पण जे प्रार्थनाघरात चालत नाही ते मास्तराच्या घरात कसं चालेल? लोकांना एक सांगायचं आणि आपल्या भिंतीवर दुसरं ठेवायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट, सुभद्रा मरणाच्या दारात आहे. अशा वेळी तिचा आत्मा चर्चनं बाजूला सारलेल्या भक्तीवर भार टाकून निघाला तर? तिचं काही बरंवाईट झालं तर चालेल, ते व्हायचंच आहे. तिच्या आत्म्याचं काही वाईट झालेलं मला चालणार नाही. मी खिळ्यावरून चित्र काढलं आणि तिथे लग्नातला क्रूस लावला.

आशीर्वाद दिलेली वस्तू इकडेतिकडे टाकता येत नाही. ती जाळायची आणि राख जमिनीत जिरवायची. राखेच्या बुधवारसाठी जुन्या झावळ्या जाळायचं पितळी ताट आहे, त्यात अंगणात जाळलं. दार उघडं होतं, सुभद्राला खाटेवरून दिसलं.

‘‘जाळलं?’’

‘‘विधीप्रमाणे. रोमचा हुकूम आहे.’’

मी राख मातीत जिरवली. मग तिनं विचारलं, ‘‘मंग पोराचं काय?’’

लिंबोविषयी जे आहे ते मी तिला पुन्हा एकदा शांतपणे समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. समजली असावी.

२९ मार्च, ईस्टर

प्रभू उठला आहे. प्रार्थनाघर भरून गेलं होतं, सोपानरावाची पेटीसुद्धा आज वळणावर होती.

सुभद्राला उकडलेलं अंडं आणि थोडा शिरा दिला, तिनं बाजूला ठेवला. दोन दिवस ती फार शांत आहे. काही मागत नाही, कण्हत नाही, कुशीवर वळून भिंतीकडे बघत पडून असते. मी जपमाळ म्हणतो तेव्हा तिचे ओठ हलत नाहीत. अशक्तपणा आहे. आज्ञा पाळली की शांती मिळते, हे मी मुलांना नेहमी सांगतो. तसंच काहीसं असावं.

१ एप्रिल, बुधवार

तानाबाई चाकणला लेकीकडे निघून गेली. मला सांगितलं नाही, सुभद्राचाही निरोप घेतला नाही. म्हातारीच्या नाकावर एवढा राग असेल असं वाटलं नव्हतं.

सुभद्रा आता फक्त पाणी घेते, तेही मी कापूस भिजवून ओठांना लावला तर. मी म्हटलं, ‘‘सुभद्रा, इकडे बघ की.’’ तिनं बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. ही शांती नाही असं मला आज वाटू लागलं आहे. मग काय आहे?

२ एप्रिल, गुरुवार

फादरांना निरोप धाडला होता, ते सकाळी आले. पापनिवेदनासाठी मला बाहेर जायला सांगितलं. मी अंगणात उभा राहिलो. आतून तिचा आवाज बराच वेळ येत होता. माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हती त्या मानानं बराच. मग फादरांनी मला आत घेऊन तिला अखेरचं तैलाभ्यंग दिलं. तिच्या डोळ्यांना, कानांना, हातांना अंगठ्यानं तेल लावलं.

बाहेर येऊन ते पायरीवर बसले. ‘‘मास्तर, खाटेसमोर एक लहान चित्र होते. ते कोठे आहे?’’

मी सगळं सांगितलं. विधीप्रमाणे जाळलं, राख जमिनीत जिरवली. शाबासकी मिळेल असं वाटलं नव्हतं, पण निदान ‘बरं केलंत’ म्हणतील असं वाटलं होतं.

‘‘मी प्रार्थनाघरातले चित्र म्हटले होते.’’

‘‘पण फादर, हुकूम...’’

‘‘हुकूम लोकांपुढे मांडण्याविषयी होता. मरणाऱ्या बाईच्या उशाविषयी नव्हता.’’ त्यांनी टोपी हातात फिरवली. ‘‘चूक माझी आहे. तुम्ही किती आज्ञाधारक आहात ते मी विसरलो.’’

मला तोंडात मारल्यासारखं झालं. ते गाडी सुरू न करता ढकलत रस्त्यापर्यंत गेले.

३ एप्रिल, शुक्रवार

शेजारणीला सुभद्रापाशी बसवून सायकलनं चाकणला गेलो. भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल. रस्त्यावर सावली म्हणून नाही. पूर्वी ही अंतरं मला काही वाटत नव्हती. आज पुलाच्या चढावर उतरून चालावं लागलं.

तानाबाई लेकीच्या दारात शेंगा फोडत बसली होती. मी म्हणालो, मोठं चित्र दे, सुभद्रासाठी हवं आहे. ती उठली, आतून चौकट आणली, माझ्या हातात दिली. मला वाटलं सुटलो. मग ती बोलली.

‘‘न्या की. पर मास्तर, ती त्या कागदाशी बोलायची, कारन तुमच्याशी बोलायची सोयच न्हवती. रोज अंतोनचं सांगायची. अंतोन आता एवढा झाला असता, अंतोनचं लगीन झालं असतं.’’

‘‘कोण अंतोन?’’

तानाबाईनं हातातली शेंग खाली ठेवली. ‘‘तुमचं पोरगं, मास्तर.’’

बाप्तिस्म्याशिवाय नाव देता येत नाही, हे सुभद्राला ठाऊक होतं. एवढी वर्षं एका घरात राहून तिनं मला हे कळू दिलं नाही. तानाबाईला तर बोलण्याचं ताळतंत्रच नाही. परतीच्या वाटेवर चौकट पाठीला बांधली होती, काच उन्हानं तापून सदऱ्यातून पोळत होती.

घरी पोचलो, क्रूसाशेजारी खिळा ठोकून चित्र लावलं आणि म्हणालो, ‘‘बघ, आणलं.’’ सुभद्रानं चित्राकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. पायांवरची धूळ, घामानं चिकटलेला सदरा, सगळं बघितलं.

‘‘चाकनला गेला व्हता?’’

‘‘हो.’’

‘‘सायकलीवर? ह्या उन्हाचं?’’ तिनं हात पुढे केला, मी धरला. ‘‘मंग तुमीच सांगा. अंतोन कुटं हाय?’’

मी म्हणालो, ‘‘देवापाशी आहे.’’

तिचे डोळे एकदम मोठे झाले. ‘‘खरं म्हनताय, का मला बरं वाटावं म्हनून?’’

मी गप्प बसलो. मरणाऱ्या माणसाला खोटा धीर देणं पाप आहे. आणि ते खोटं आहे असंही मला त्या क्षणी म्हणवेना. काय आहे ते मला माहीत नव्हतं, म्हणून गप्प बसलो. एक शब्द पुरला असता. तिनं माझा हात थोपटला, मूल थोपटावं तसा, आणि म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ द्या. दमलाय तुमी.’’

४ एप्रिल, शनिवार

सुभद्रा सकाळी गेली. मी चहा गाळत होतो.

५ एप्रिल, रविवार

आज तो सण झाला असता.

देहूरोडच्या दफनभूमीत सुभद्राला ठेवलं. बोलावणी रद्द केल्याचा निरोप काही कुटुंबांना मिळालाच नव्हता. ती सणाचे कपडे घालून आली आणि मयतीला थांबली. बायकांच्या हातात मुलांनी करून दिलेल्या कागदी फुलांच्या माळा होत्या. काय करावं न कळून त्यांनी त्या खड्ड्यात वाहिल्या. तानाबाई चाकणहून आली होती. ती मोठ्यानं रडली. मला जमलं नाही.

फादरांनी लॅटिन विधी संपवला आणि मराठीत थोडं बोलले. चित्राचं, सणाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाले की, देवाची दया आमच्या पुस्तकांआधीपासून आहे आणि आमच्या पुस्तकांनंतरही राहील. मी खालमानेनं ऐकलं. यातलं शास्त्राला धरून किती, हे मी आज तपासलं नाही.

सगळे पांगल्यावर ते म्हणाले, ‘‘मास्तर, गावाला जा. मुलाला जेथे पुरले तेथील माती आणा. आपण तिच्या कबरीत घालू.’’

‘‘ती आशीर्वादित जमीन नाही, फादर.’’

‘‘ही आहे,’’ ते म्हणाले.

१४ एप्रिल, मंगळवार

एस.टी.नं खेड, नारायणगाव करत गावी गेलो. मिशनचं आवार तसंच आहे. दफनभूमीची दगडी भिंतही. मी बाहेरच्या बाजूला गेलो आणि उभाच राहिलो.

तिथे काहीच नाही. ना क्रूस, ना दगड. निवडुंग, वाळलेलं गवत, शेळ्यांच्या लेंड्या. भिंत लांब आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच. त्या दिवशी मी पोचलो तेव्हा अंधार झाला होता, सकाळी बघू म्हणालो, आणि मग कधी बघितलंच नाही. सुभद्राचं माहेर याच गावचं; माहेरी आली की ती दुपारची कुठेतरी जायची. मी कधी विचारलं नाही.

गेनबा अजून आहे. दफनभूमीचे खड्डे त्याच्याच घराण्यानं काढले. त्याला विचारलं.

‘‘व्हय, लई हायती हितं,’’ तो म्हणाला. ‘‘कुनाचं कुटं, ते त्यांच्या आयांना ठावं.’’

‘‘माझी बायको यायची का?’’

‘‘यायची की. दर साली. हितंच कुटंतरी बसायची.’’

‘‘कुठं, नीट आठव.’’

‘‘मास्तर, बाई रडत बसल्याली असताना मानूस तिकडं बघतो व्हय?’’

तो गेल्यावर मी भिंतीला लागून बसलो. सांगेल अशी एकच व्यक्ती होती, आणि तिला मी देहूरोडला ठेवून आलो होतो. तिथे मात्र मला रडू आलं. शेळ्या राखणारी बाई लांबूनच वळून गेली.

रिकाम्या हातानं परतणं शक्य नव्हतं. मग मी असं केलं: भिंतीच्या या टोकाला सुरुवात केली आणि त्या टोकापर्यंत जागोजाग थोडी थोडी माती उकरून पिशवीत भरली. एकही तुकडा सोडला नाही. गुडघ्यांवर सरकत जावं लागलं. पिशवी एवढी जड झाली की परतीच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, काय आहे हो यात? मी माती आहे म्हणालो. त्यानं पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेला.

१९ एप्रिल, रविवार

मिस्सेनंतर फादर, मी, तानाबाई आणि सोपानराव देहूरोडला गेलो. सोपानरावानं कबरीच्या उशाशी खड्डा केला. पिशवी बघून फादर म्हणाले, ‘‘एवढी?’’

मी त्यांना झालं ते सांगितलं. जागा सापडली नाही. भिंतीच्या कडेनं सगळीकडची आणली आहे. यात आमचा असेलच, पण कुणाकुणाची आणखी किती मुलं असतील ते देवालाच ठाऊक. त्यांचे आईबाप कोण, मला माहीत नाही. त्यांना कुणी विचारलेलं नाही. हे सगळे असे आत आणलेले नियमात बसतात का, असंही मी विचारलं.

फादरांनी पिशवीकडे बघितलं. हातातलं पुस्तक त्यांनी उघडलं होतं, ते मिटून काखेत धरलं.

‘‘ओता,’’ ते म्हणाले.

मी ओतली. पिशवी उलटी करून झटकली, शिवणीत अडकलेलीही बोटानं काढली.

‘‘आता नाव घ्या, मास्तर.’’

मला एकच ठाऊक होतं. ते मी मोठ्यानं घेतलं.